टपालाने दुरुस्त केलेली फटफटी

बुऱ्हाणपूर
२० ऑगस्ट १९४६

मालूताईस दिगंबरचा नमस्कार.

ताई, सायलेन्सर बसला! लष्कराच्या लिलावातली माझी फटफटी तू अजून पाहिलेली नाहीस. तिचा जुना सायलेन्सर तापीच्या चिखलाने खालून पार कुजला होता. खंडव्याच्या एका दुकानातून नवा आणला. कंपनीचा नाही, बाजारी. पण काय दिसतो! लांब, बारीक, आणि टोकाला माशाच्या शेपटीसारखा चपटा. पाईप इंजिनाच्या तोंडाला जरा सैल होत होता, तो मी पक्का केला. किक मारली आणि सगळा मोहल्ला बाहेर. आवाज असा की छातीत घुमतो.

आप्पा ओट्यावरून म्हणाले, "आवाजाले पैसे मोजले का रे? आवाज तर आपली म्हैस बी काढते, फुकट."

आता खरी बातमी. मे महिन्यात तू आप्पांजवळ शनवाऱ्याच्या दरवाजाबाहेरची वखार मोटारदुरुस्तीसाठी मागितलीस आणि ते हसले, आठवतं? मला ते हसणं आवडलं नव्हतं. काल फटफटी थोडी कुरबुर करायला लागली. म्हणजे वेगाचं हँडल पिळायचं सोडलं की सायलेन्सरमधून फटाके. आप्पा म्हणाले, खंडव्याचा मिस्त्री बोलाव. मी म्हटलं, मिस्त्री कशाला? आमची मालूताई जबलपूरला लष्कराच्या कारखान्यात कार्बोरेटरच तपासते, ती पत्राने सांगेल.

"चिठ्ठीनं? कागदावर भाकर भाजते का?"

"भाजली तर?"

आप्पा पानाला चुना लावत थांबले. मग म्हणाले, "होऊन जाऊ दे मग. दसऱ्याचं सीमोल्लंघन ह्या भुतावर. मी मागं बसतो. असीरगडाचा घाट वर आणि परत खाली. कोणी धक्का मारायचा नाही, कोणाचा पाय जमिनीले लागायचा नाही, आणि मालूच्या चिठ्ठीशिवाय दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागायचा नाही. जमलं तर वखार मालूची. नाही तर दसऱ्यानंतर मोतीलालशेठच्या कपाशीले देतो, तो मागूनच राहिला."

आई साक्षीला होती. आता सांग, फटाके कसे बंद करू?

तुझा
दिगंबर

---

जबलपूर
२३ ऑगस्ट १९४६

चि. दिगंबर यास आशीर्वाद.

पत्र मिळाले. वखारीविषयी तू मला न विचारता पैज लावलीस, हे मला आवडलेले नाही. दसरा कधी आहे ते मला माहीत आहे. पुढे कामाचे लिहिते.

जुना सायलेन्सर इंजिनाचा श्वास अडवत होता. नवा मोकळा आहे. चुलीचे धुराडे साफ केले की जाळ वाढतो आणि सरपण जास्त लागते, तसेच हे. इंजिन आता जास्त हवा ओढते, पण कार्बोरेटर पेट्रोल पूर्वीइतकेच देतो. पेट्रोल कमी पडले की इंजिन तापते आणि फटाकेही उडू शकतात. म्हणून सोबत रजिस्टर टपालाने एक जेट पाठवते. जेट म्हणजे बारीक भोक असलेली पितळी घुंडी, कार्बोरेटरच्या तळाशी असते. जुनी काढून ही लाव. हिचे भोक एक नंबर मोठे आहे. घट्ट करताना जोर लावू नकोस, पितळ मऊ असते.

नंतर सपाट रस्त्यावर एक मैल पूर्ण वेगाने जा. मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद कर, गाडी आपोआप थांबू दे, आणि तिथेच प्लग काढून पाहा. प्लगचे टोक पांढरे असेल तर पेट्रोल अजून कमी आहे. काजळी धरली असेल तर जास्त आहे. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा रंग असेल तर बरोबर. घरी येऊन पाहिलास तर तो रंग खोटा असेल.

एक प्रश्न. पाईप इंजिनाला जिथे मिळतो तो जोड पक्का आहे का? तिथून हवा शिरत असेल तर जेट बदलून काही उपयोग नाही.

काकींना नमस्कार. आप्पाकाकांना सांग की भाकर कागदावर भाजत नाही, पण कृती कागदावर लिहिता येते.

मालती

---

बुऱ्हाणपूर
३० ऑगस्ट १९४६

ताई,

जेट मिळाली, लावली! नुसत्या बोटांच्या जोराने घट्ट केली, पितळ मोडलं नाही. चांदनी गावाच्या रस्त्यावर नेली. पहिला मैल काय सांगू, रेशीम! झाडं मागे पळत होती. टोपी उडाली तरी थांबलो नाही. तू सांगितलंस तसा क्लच दाबून बंद केली, प्लग काढला (बोटं भाजली, ते तू लिहिलं नव्हतंस). रंग शेंगदाण्याचाच, पण जास्त भाजलेल्या.

मी आनंदाने परत निघालो. आणि मैलाच्या पुढे पुन्हा फटाके. उतारावर हँडल सोडलं की फट फट फटाक्. शनवाऱ्यात मोतीलालशेठ दुकानाच्या पायरीवरून ओरडले, "अरे शालिग्रामजी का लड़का! ये फटफटी है या दिवाली की दुकान? दसरा तो आने दो!" सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

जोडाचं विचारलंस. जोड एकदम पक्का आहे, ताई. हाताने हलवून पाहिला, पायाने दाबून पाहिला. बैल बांधला तरी सुटणार नाही. त्याची काळजी करू नकोस.

आप्पा रोज विचारतात, "आली का चिठ्ठी?" चिडवायला विचारतात, पण रोज विचारतात.

पुढचं लवकर लिही.

दिगंबर

---

जबलपूर
३ सप्टेंबर १९४६

चि. दिगंबर,

बोटे जळाली त्याबद्दल वाईट वाटले. इंजिन गरम असते हे लिहिण्याची गरज वाटली नव्हती.

जोड पक्का आहे असे तू म्हणतोस, तेव्हा तो प्रश्न मिटला. राहिला कार्बोरेटर. प्लगचा रंग पूर्ण वेगाचा असतो. फटाके उतारावर हँडल सोडल्यावर येतात, म्हणजे दोष मधल्या आणि कमी वेगाच्या मापात असावा. तिथे पेट्रोल मोजते ती सुई. कार्बोरेटरचे वरचे झाकण उघडलेस की ती लांब, टोकाकडे निमुळती होत गेलेली दिसेल. तिला वरच्या बाजूला खाचा आहेत आणि एका खाचेत चिमटी अडकवलेली आहे. चिमटी एक खाच खाली घाल. त्याने सुई वर उचलली जाईल आणि पेट्रोल जास्त येईल.

तेवढ्याने फटाके थांबले नाहीत तर सोबतची दुसरी जेट लाव. ती आणखी एक नंबर मोठी आहे. एका वेळी एकच बदल कर. दोन बदल एकदम केले तर कशाने काय झाले ते कळत नाही, आणि तुझ्या पत्रावरून मला तर मुळीच कळणार नाही.

आमच्या कारखान्यात मी इंजिनाला हात लावून, वास घेऊन काम करते. इथे माझ्यापाशी फक्त तुझे शब्द आहेत. "काय सांगू" असे लिहू नकोस. सांग.

मालती

---

बुऱ्हाणपूर
१२ सप्टेंबर १९४६

ताई,

सांगतो. सगळं सांगतो.

सुई उचलली, फटाके वाढले. मोठी जेट लावली, आणखी वाढले. हो, एका वेळी एकच केलं, दोन दिवस मध्ये जाऊ दिले. आता मागे काळा धूर येतो, कंदिलाची वात जास्त वर केल्यासारखा. प्लग कोळसा झालाय. पेट्रोलची रेशनची कुपनं महिना संपायच्या आधीच संपायला आली आहेत.

परवा मी आप्पांना न सांगता घाट करून पाहायला गेलो. असीरगडाच्या पायथ्यापर्यंत फटाके उडवत का होईना, गेली. पहिल्या वळणावर तिने मान टाकली. भू भू भू करून बंद. पुन्हा किक मारली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काळा धूर असा आला की वरून येणाऱ्या एका बाईने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "काय जाळून राहिला रे बाबा?"

शेवटी एका गाडीवानाने फटफटी बैलगाडीत चढवून बुऱ्हाणपुरात आणली. भर बाजारातून, ताई. गाडीत मी, शेजारी ती, शेपटी मागे बाहेर लोंबत. आप्पा ओट्यावर उभे राहून बघत होते. मला वाटलं ओरडतील. ते नुसते म्हणाले, "बैल बरे निघाले."

मोतीलालशेठचा माणूस काल दोरी घेऊन वखार मोजून गेला. आप्पांनी त्याला अडवलं नाही.

एक बोलू? खंडव्याचा मिस्त्री आपल्या ओळखीचा आहे. संध्याकाळी येईल, पहाटे जाईल. कोणाला कळणार नाही. आईलाही नाही. वखार तर तुझीच होईल ना, कशी का होईना.

रागावू नकोस.

दिगंबर

---

जबलपूर
१५ सप्टेंबर १९४६

दिगंबर,

मिस्त्री बोलावायचा नाही. त्याने इंजिन ठीक केले आणि आप्पाकाकांनी वखार दिली, तर तिथे बसून रोज मी काय करणार? पहिले गिऱ्हाईक आले की मला आठवेल की ही जागा मला कोणा दुसऱ्याच्या हाताने मिळाली. त्यापेक्षा कपाशी भरलेली बरी.

मी हे कोणाला लिहिलेले नाही, तुला लिहिते. लढाई संपली, आता आमची गरज नाही. ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या विभागातल्या सगळ्या मुलींना रजा मिळणार आहे. कायमची. माझ्या शेजारच्या बाकावर निर्मला म्हणून आहे. गिअरबॉक्स उघडून पुन्हा बसवण्यात तिच्याइतके कोणी हुशार नाही. तिला नागपूरच्या एका शाळेत शिवण शिकवण्याची जागा मिळाली आणि सगळ्यांनी तिचे अभिनंदन केले. तिनेही पेढे वाटले. मी पेढा घेतला. मला शिवण शिकवायचे नाही. मला एक बाक हवा आहे, ज्यावरून मला कोणी उठवणार नाही. शनवाऱ्याची वखार लांबीला पुरेशी आहे आणि पूर्वेकडून उजेड येतो. मे महिन्यात मी ते पाहून ठेवले होते.

आता काम. तुझे पत्र मी तीनदा वाचले.

प्लग काळा आणि धूर काळा, म्हणजे पेट्रोल जास्त होते आहे. हे नक्की. मग पेट्रोल वाढवल्यावर फटाके वाढले का? कारण न जळलेले पेट्रोल पाईपात जाते आणि तिथे त्याला कुठूनतरी ताजी हवा मिळते. ते पाईपात पेटते, त्याचा फटाका. इंजिनाने घेतलेली हवा तिथवर उरत नाही. म्हणजे ती बाहेरून शिरते. आणि शिरायला जागा एकच आहे.

दुसरे. पहिला मैल रेशमासारखा गेला आणि मैलाच्या पुढे बिघडले, असे तू तीस ऑगस्टलाच लिहिले होतेस. मी ते वाचून सोडून दिले, ती माझी चूक. कार्बोरेटरला मैल मोजता येत नाहीत. गरम झाल्यावर काहीतरी बदलते.

मी तुला विचारले होते की जोड पक्का आहे का. तू म्हणालास पक्का आहे. मी हे विचारले नाही की तो कशाने पक्का केला आहे.

कशाने?

मालती

---

बुऱ्हाणपूर
१८ सप्टेंबर १९४६

ताई,

सोपटाने.

तू असं विचारलंस जसं काही मी गुन्हा केलाय. पाईप सैल होता, तेव्हा केळीच्या खोडाचं सोपट ओलं करून, पट्ट्या काढून, त्याचे पाच-सहा वेढे घट्ट दिले. वर चुना आणि गुळाचा लेप. आपल्याकडे मोटेचा दांडा, कोळप्याची मूठ, पाण्याचा फुटका नळ सगळं सोपटानेच बांधतात ना? वाळलं की आवळून बसतं, लोखंडासारखं. बैल बांधला तरी सुटणार नाही हे खरंच लिहिलं होतं.

आणि हे बघ, मी निष्काळजी नाही. दर वेळी गाडी काढायच्या आधी जुनं काढून ताजं सोपट बांधतो. जुनं काळं पडून भुगा झालेलं असतं, ते तर होणारच, म्हणून तर ताजं बांधतो. रोज सकाळी. ह्याच्यात लिहिण्यासारखं काय होतं?

हे लिहिता लिहिता मला आता असं वाटतंय की लिहिण्यासारखं होतं.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी म्हणतच होते, घरात कोणी सोपट जाळून राहिलं. मले वाटलं शेजारीण." आप्पांना अजून सांगितलं नाही.

ताई, दसऱ्याला किती दिवस राहिले ते मी मोजत नाही. तू मोजत असशील.

दिगंबर

---

जबलपूर
२१ सप्टेंबर १९४६

चि. दिगंबर,

तुझे पत्र मी जेवणाच्या सुट्टीत बाकावर वाचले. "सोपटाने" ह्या शब्दाशी मी हसले. मोठ्याने. आमच्या साहेबांनी काचेतून पाहिले. निर्मलाने विचारले काय झाले, तर मला नीट सांगता येईना. तिला केळीचे सोपट समजावताना मी पुन्हा हसले. काकींना सांग, म्हणजे त्या म्हणणार नाहीत की मालू हसत नाही.

आता नीट वाच.

पहिला मैल सोपट ओले आणि घट्ट असते, हवा शिरत नाही, इंजिन उत्तम चालते. मग ते जळते. फट राहते. फटाके येतात. तू फटाके लिहून कळवतोस, मी पेट्रोल वाढवते. तू घरी जाऊन नवे सोपट बांधतोस, म्हणजे पुन्हा पहिला मैल चांगला. असे आपण दोघांनी मिळून महिनाभर एका चांगल्या इंजिनाला जास्तीचे पेट्रोल पाजले. घाटात ते गुदमरले. तुझे सोपट आणि माझी जेट, दोघांचा वाटा सारखा आहे.

सोबतच्या पार्सलात तांब्याची कडी आहे. ती मी स्वतः कापून, तापवून मऊ केली आहे. तू पहिल्या पत्रात पाईपाचे माप दिले नव्हते, म्हणून तुझ्या ह्या इंजिनाच्या जातीचे माप आमच्याकडच्या एका मोडक्या गाडीवरून घेतले. पाईप बाजारी असल्याने थोडा फरक पडेल. तो भरून काढायला अॅसबेस्टॉसची दोरी पाठवली आहे. ती जळत नाही. कितीही मैल. आधी दोरी भिजवून गुंडाळ, मग कडी, मग वरून लोखंडी पट्टा आवळ. इंजिन गरम करून, थंड होऊ देऊन पुन्हा एकदा आवळ. दुसरे आवळणे विसरू नकोस.

दुसरी, मोठी जेट काढून मला परत पाठव. मी पाठवलेली पहिली जेट ठेव, ती बरोबर होती. सुईची चिमटी जुन्या खाचेत घाल. काजळी धरलेला प्लग तारेच्या ब्रशने साफ कर.

शेवटी हवेचा स्क्रू. कार्बोरेटरच्या बाजूला लहान स्क्रू आहे. इंजिन गरम असताना, जागेवर उभे असताना, तो अगदी थोडा थोडा फिरव. एका बाजूला फिरवलास तर ठोके अडखळतील. दुसऱ्या बाजूला फिरवलास तर ते लंगडतील. मधे एक जागा आहे जिथे ते एकसारखे पडतात. ती जागा मी लिहून देऊ शकत नाही. ती तुला सापडेल.

घाटाविषयी एकच. सगळ्यांना वाटेल की चढ ही परीक्षा आहे. चढ इंजिनाची परीक्षा आहे. जोडाची परीक्षा उतारावर आहे. आप्पाकाकांनी "वर आणि परत खाली" असे म्हटले, ते त्यांनी उगाच म्हटले असेल, पण बरोबर म्हटले.

मालती

---

बुऱ्हाणपूर
६ ऑक्टोबर १९४६

ताई! ताई!

सोनं घे, आणि सोन्यासारखी राहा. पाकिटात आपट्याचं पान आहे, आप्पांनी घातलंय. आता बस आणि वाच.

काल दसऱ्याच्या सकाळी आईने फटफटीला ओवाळलं. हळदकुंकू टाकीवर, दिव्यावर, माशाच्या शेपटीवर. मग झेंडूचा हार आणला आणि घातला नेमका कार्बोरेटरच्या तोंडावर. मी काढून दिव्याला बांधला, हवा जायला वाट हवी म्हणून. आई चिडली, "देवाले बी आता तुमच्या मालूची परवानगी लागते का?"

आप्पा नवा फेटा बांधून मागे बसले. दोन्ही हातांनी माझं धोतर कमरेशी धरलं होतं, मी लिहीत नाही किती घट्ट. मोतीलालशेठ आपल्या टांग्यातून घाटाच्या पायथ्याशी आधीच येऊन थांबले होते. "शालिग्रामजी, बैल साथ में लाए हो ना?" आप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "तू चाल."

पहिलं वळण, जिथे तिने मान टाकली होती. ती गेली, ताई. नुसती गेली. दुसरं वळण गेलं. मला ओरडावंसं वाटत होतं. आणि तिसऱ्या वळणावर पुढे बैलगाड्या! गडावर देवदर्शनाला निघालेली माणसं. एकामागे एक गाड्या, रस्ता भरलेला, एका बाजूला दरी. बाजूने जाता येईना, थांबता येईना, पाय टेकता येईना. बैलाच्या चालीने चालवायची, आणि चढावर. क्लच अर्धा धरून मी तिला बैलांच्या मागे मागे चालवत राहिलो. एवढ्या हळू गाडी डुलते, ताई. आप्पा मागे डावीकडे-उजवीकडे होत होते. इंजिन तापलं होतं, गुडघ्याला धग लागत होती. मला वाटलं, आता बंद पडणार. आता. आता.

ठोके एकसारखे पडत होते. एकसुद्धा चुकला नाही. ती जागा मला सापडली होती, स्क्रूची. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ शोधली होती.

आणि मग मागून आप्पा! फेटा सांभाळत, एवढ्या मोठ्याने की बैल बुजले, "ए! गाडी बाजूले घे रे! माझ्या पोरीचं इंजिन येऊन राहिलं!"

ताई, माझ्या पोरीचं. मी ऐकलं. पुढच्या गाडीतल्या बायका ओरडल्या, "कोणत्या पोरीचं रे बाप्पा, तू तर बुढा!" आणि सगळे हसले, पण गाड्या बाजूला झाल्या. आम्ही वर पोचलो.

वर आप्पा उतरले नाहीत. मी म्हटलं, आता जमिनीला पाय लागला तर चालेल. ते म्हणाले, "खाली जायचं राहिलं ना. मालूनं लिहिलं होतं ना, उतारावर." मला माहीतच नव्हतं की ते तुझी पत्रं वाचतात. आईने सांगितलं, पहिल्यापासून वाचतात. सोपट बांधताना तर मला रोज सकाळी ओट्यावरून बघत होते आणि एक शब्द बोलले नव्हते, कारण "मालूले कळतं का बघायचं होतं".

उतारावर मी हँडल सोडून दिलं. पूर्ण. पहिलं वळण, शांत. दुसरं, शांत. फक्त हुं हुं हुं असा खालच्या आवाजातला हुंकार, पोट भरलेल्या जनावरासारखा. एक फटाका नाही. पायथ्याशी मोतीलालशेठ कान लावून उभे होते. आम्ही त्यांच्या टांग्याशेजारी थांबलो. आप्पांनी आता कुठे पाय टेकला.

"वखार मैंने दे दी," ते म्हणाले.

"किसको?"

"मालती को. मेरी भतीजी. इंजिन की डॉक्टर है."

मोतीलालशेठनी फटफटीभोवती एक फेरी मारली. मग हळूच म्हणाले, "शालिग्रामजी, हमारे जिनिंग का जो तेल-इंजिन है ना, दो साल से खाँसता है। बिटिया देखेगी क्या?"

"चिट्ठी लिखो," आप्पा म्हणाले.

तुझा, आनंदाने वेडा झालेला
दिगंबर

---

जबलपूर
९ ऑक्टोबर १९४६

चि. दिगंबर यास आणि घरातल्या सर्वांस,

पत्र मिळाले. पान मिळाले. आप्पाकाकांना माझा नमस्कार सांग. त्यांचे पान मी माझ्या हत्यारांत ठेवले आहे. ते समजतील.

एकतीस तारखेला आमचे काम संपते. एक तारखेच्या रात्रीच्या गाडीने निघून इटारसीला गाडी बदलीन. भाऊबीज ह्या वर्षी उशिरा होईल, त्याबद्दल रागावू नकोस. ओवाळणी द्यायची सोडून तू उलट माझ्याकडेच काय मागशील हे मला ठाऊक आहे, आणि नाही, दुसरा सायलेन्सर मिळणार नाही.

वखारीला चुना लावू नका. मला ती आधी स्वतः मोजायची आहे. मोतीलालशेठच्या माणसाने दोरीने मोजली, दोरी ताणली की माप बदलते. पूर्वेची खिडकी मात्र उघडून ठेवा, बिजागऱ्या गंजल्या असतील. मोतीलालशेठना सांग की इंजिन थंडीत जास्त खोकते की उन्हात, आणि खोकल्यानंतर धूर कोणत्या रंगाचा येतो, ते त्यांनी लिहून ठेवावे. "काय सांगू" असे लिहू नये.

निर्मलाला मी सगळे सांगितले. तिने हातातला पाना बाकावर ठेवला. मग तिने विचारले, वखारीत दोन बाक बसतील का? मी म्हटले, मोजून कळवते.

माझ्या ट्रंकेत हत्यारे आहेत, ती जड आहे. तिच्यासाठी बैलगाडी पाठव. आणि तू फटफटी घेऊन ये. स्टेशनाबाहेर उभी कर, पण बंद करू नकोस, जागेवर चालू ठेव. गाडीतून उतरल्यावर मी थोडा वेळ कोणाशीच बोलणार नाही, तिच्याजवळ जाऊन उभी राहीन. काकींना आधीच सांगून ठेव, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही.

इतके दिवस ते इंजिन मी फक्त शाईत ऐकले आहे.

मालती